माझी ठळक शीर्षकं

कट्टा गावच्या बाजारात माझं टायपिंगचं दुकान आहे. गेल्या वर्षी देवबागची एक मुलगी कॉलेजचा प्रोजेक्ट रिपोर्ट घेऊन आली. विषय होडीच्या इंजिनाची देखभाल. मी नेहमीसारखीच शीर्षकं केली: प्रकरणाचं नाव अठरा पॉइंटात ठळक, पोटभागाचं सोळात, त्याखालचं चौदात. अनुक्रमणिका हाताने टाइप केली, टिंबं टिंबं देऊन. कागदावर काय देखणं दिसत होतं!

कणकवलीच्या कॉलेजातून रिपोर्ट परत आला. सरांना फाइलही हवी होती, आणि तिच्यात अनुक्रमणिका कॉम्प्युटरनेच बनवलेली. मुलगी काहीतरी दाखवायला पुढे वाकली, तशी मी उसळले. "वीस वर्षां टाइप करतंय, माका शिकव नको!" टिंबं सारखी केली आणि रिपोर्ट तिच्या हातात दिला. तो पुन्हा परत आला. आता उद्याची शेवटची तारीख. ती चुकली की पोरीचं वर्ष फुकट.

तेव्हा मात्र मी खुर्ची सरकवून तिला जागा दिली. ती स्टूल ओढून शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "काकी, हय बघा. प्रकरणाक हेडिंग एक, पोटभागाक दोन, त्याच्याखाली तीन." म्हणजे मला अक्षरं लहान-मोठी दिसत होती, पण त्यातलं थोरलं कोण नि धाकटं कोण, हे कॉम्प्युटरला कुणी सांगितलंच नव्हतं! एकेका शीर्षकाला आम्ही त्याची पातळी दिली. शेवटी तिने एक बटण दाबलं आणि अख्खी अनुक्रमणिका पानांच्या आकड्यांसकट समोर उमटली. "अगो बाय माझे!" मी ओरडलेच. मध्येच तिने इंजिनाचा एक फोटो घातला, पुन्हा बटण दाबलं, तर पुढचे सगळे आकडे आपोआप बदलले. इतकी वर्षं मी ते एकेक खोडून लिहीत होते! मला एवढी मजा वाटली की ती गेल्यावर जुन्या दोन फायली काढून त्यांनाही पातळ्या देत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. "काकी, सरांनी रिपोर्ट घेतल्यानी!"

मला रडूच आलं. म्हटलं, "चूक माझी होती गो. माझ्यामुळे तुझा वर्ष गेला असता."

"पयल्यांदा रिपोर्ट परत इलो, तेवाच माका कळला होता," ती म्हणाली.

"मगे बोललंस कित्याक नाय?"

ती म्हणाली, "भियालंय, काकी. वर्षापरीस तुमचो राग मोठो दिसलो."