आपल्या दावणीची खोड

ही गोष्ट मी घरात कुणालाच सांगितलेली नाही — बायकोलासुद्धा. तुम्हाला सांगतो.

मी दौंडचा, गुरांचा दलाल. एका दोरखंडावर धंदा उभा केला, भाव ठरवताना सहसा कुणाचं ऐकलं नाही. आमची रीत साधी: गाय घेताना तिची आई कशी होती ते खोदून विचारायचं, आणि विकताना आपल्या दावणीची खोड आपण होऊन सांगायची नाही. बाजारात चालतं. पण घरात?

मुलाच्या लग्नाची बैठक केंदूरला बसली होती. मुलगी सुनंदा, सगळ्यांना पसंत. खर्चावर अडलं, तसा तिचा मामा म्हणाला, "पावणं, पोरगी हाय, कालवड न्हाई. दात मोजू नगा." सगळे हसले. ते हसणं मला अजून सलतं. माझं डोकं फिरलं.

"दात न्हाई मोजत," मी म्हणालो. "आई कशानं गेली ते बघतोय. असला रोग रक्तातनं येतो म्हणत्यात."

तिची आई गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरनं गेली होती. सुनंदा चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी — सगळं ऐकलं तिनं. खर्च त्यांनी उचलला. मी जिंकलो — नाही का?

लग्नानंतर दौंडला त्याच कॅन्सरच्या तपासणीचं शिबिर झालं. सुनंदा आपणहून गेली आणि जेवताना आम्हाला समजावत बसली. केडगावला दिलेली माझी लेक मंगल तेव्हा माहेरी आली होती.

"त्यो एका विषाणूनं होतो, वन्सं. लई बायकांच्या अंगात येतो, अंगातली राखण त्याला हाकलून देती. पर काहींची राखण जल्मापासूनच जराशी मंद. ती आईकडनं येती, तशी बापाकडनंबी येती. म्हंजी रोग व्हतोच असं न्हाई. निस्तं तपासत ऱ्हायचं."

बापाकडूनही — माझा घास तोंडातच राहिला.

"मला कशाला तपासणी?" मंगल म्हणाली. "आपल्यात कुणाला झालाय? व्हय का न्हाई, आबा?"

काय म्हणालो असेन मी? "न्हाई बाई. पर वहिनीच्या सोबतीला जा. पुन्यांदा जायचं म्हणती, एकटी घाबरती."

उधळलेला बैल वेसण धरून आणणारी सुनंदा — घाबरती? तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं. "व्हय वन्सं, चला," म्हणाली.

मंगलच्या तपासणीत पेशींत बदल सापडला. कॅन्सर झालेला नव्हता. छोट्याशा उपचारावर भागलं. आता ती ठणठणीत आहे, सासूशी भांडायला कुणाची मदत लागत नाही तिला. तेव्हापासून दोघी तपासणीला जोडीनं जातात, येताना भेळ आणतात, आणि मंगल दरवेळी म्हणते, "वहिनी, तुमच्या घरचं दुखणं माझ्या कामी आलं बघा." सुनंदा हसते. मीही हसतो.

माझी आई — मंगलची आजी — त्याच रोगानं गेली. माझं लग्न व्हायच्या आधी. पोटदुखीनं गेली, असं मीच सगळ्यांना सांगितलं. बैठकीत मला ते ठाऊक होतं. तोंडात घास होता तेव्हाही. डॉक्टरीणबाईंनी घरच्या आजारांचं विचारलं, तेव्हा मंगल माझ्याच भरवशावर "कुणाला न्हाई" म्हणाली.

काल दोघी पुन्हा जाऊन आल्या. मंगल तेच म्हणाली, घर हसलं. मी भेळेचा पुडा सोडला आणि सुनंदाला म्हणालो, कांदा जरा अजून चीर.