खालांनी धरलेली जागा

नांदेडच्या एका कॉलेजात, ग्रंथालयात मला नोकरी लागली तेव्हा घरात आनंदाच्या बरोबरीनं काळजीही शिरली. ही रोज जाणार कशी? माझा डावा पाय लहानपणीच पोलिओनं अधू झालेला. मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर आणि हातात काठी. आमचं गाव धर्माबादहून नांदेडला येणाऱ्या रेल्वेवर. नवऱ्याचं शिलाईचं दुकान गावात, सासूबाई गावात, त्यामुळे नांदेडला बिऱ्हाड करायचा विषय निघाला नाही. बसच्या दोन सीटांमध्ये माझा पाय दुमडत नाही. राहिली रेल्वे.

पहिली काही वर्षं बरी गेली. सकाळच्या पॅसेंजरला नवरा चढवून द्यायचा, डब्यात कुठंतरी टेकायला मिळायचं. मग गर्दी वाढत गेली. बसचं तिकीट परवडेना तशी माणसं रेल्वेकडे वळली. नर्सिंगच्या मुली, शिकवणीची पोरं, मोठ्या दवाखान्यात नंबर लावायला निघालेली म्हातारी माणसं, कोर्टाच्या तारखेला एकाच डब्यातून जाणारे आणि एकमेकांकडे न बघणारे भाऊ. माणसं वाढली, गाडी मात्र तेवढीच राहिली. तेवढीच तरी कुठं? एका पावसाळ्यानंतर तिचे दोन डबे कमी झाले. दुरुस्तीला गेलेत, असं कळलं. ते काही परत आले नाहीत. आमच्यासारख्यांसाठी गार्डच्या डब्याला लागून एक छोटा कप्पा असतो, पण तो फलाट संपल्यावर पुढं खडीत थांबायचा, आणि तिथवर पोचावं तर तोही गच्च भरलेला.

त्या दिवशी सोमवार होता. गाडी आली तीच दारात माणसं लोंबकळत. नवऱ्यानं मागून आधार दिला, मी दांडी धरली. पण चांगला पाय पायरीवर ठेवला की कॅलिपरचा पाय वर ओढून घ्यायला जागा लागते, आणि दारात तळहाताएवढीही जागा नव्हती.

"मॅडम, मागच्या गाडीनं या," वरून कुणीतरी म्हणालं.

मागची गाडी दुपारी. भोंगा वाजला. मी दांडी सोडणार, तेवढ्यात दारातल्या माणसांच्या पायांमधून एक हात बाहेर आला. मनगटापासून बराच वरपर्यंत काचेच्या बांगड्या भरलेला.

"हात दे गं!"

"माझा पाय..." मी म्हणाले.

"पाय कोन मागून राहिलंय? हात दे. हाताला काय झालंय?"

मी हात दिला. त्या हातानं मला ओढलं, नवऱ्यानं ढकललं, आणि मी डब्यात आले. हात एका बाईचा होता. साठीच्या आसपासच्या, डोक्यावर पदर घट्ट घेतलेल्या, तोंडात पानाचा तोबरा. शेजारी त्यांची पत्र्याची पेटी. त्या धर्माबादला चढायच्या, गाडी तिथं मोकळी असायची म्हणून दाराजवळची खिडकी त्यांना मिळायची. पेटीत बांगड्या. नांदेडच्या वस्त्यांमधून दारोदार फिरून त्या बायकांना बांगड्या भरायच्या. त्यांनी मला आपल्या जागेवर बसवलं आणि स्वतः पेटीवर बसल्या.

डब्यातले सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे, मीही म्हणू लागले.

दुसऱ्या दिवशी गाडी आली तर खिडकीतून तोच हात हलत होता. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मात्र मला राहवलं नाही. लहानपणापासून लोकांचं "बिचारी" ऐकून माझे कान विटले होते. मी म्हणाले, "खाला, माझ्यासाठी तुम्ही उठू नका. मला कुणाची दया नको."

खालांनी पान गालात सरकवलं. "दया? दया कोन करून राहिलंय? गाडी हलली की माझी पेटी घसरती. तुझा पाय ताठ हाय. तू पाय लांबवून बस, पेटीला अडसर व्हतो. माझ्या बांगड्या वाचतात."

बांगडी फुटली असं त्या कधी म्हणत नसत, वाढली म्हणत. "आज तुझ्या पायामुळं एक बी न्हाई वाढली," असं नांदेडला उतरताना मला सांगायच्या. मला फार बरं वाटायचं. पुढं एकदा पेटी उचलू लागताना मला दिसलं की पेटीच्या बुडाला सायकलच्या टायरचे तुकडे ठोकलेले आहेत. ती पेटी जागची हलणंच शक्य नव्हतं. मी तरी तशीच पाय लांब करून बसत राहिले.

असं सहा वर्षं चाललं.

जागा धरणं सोपं नसायचं. माझं गाव येईपर्यंत मधली दोन स्टेशनं, आणि प्रत्येक ठिकाणी नवी माणसं चढायची. एकदा एका तरण्या माणसानं पेटी उचलून बाजूला ठेवली आणि बसला. मी दारातून वर येतच होते. खाला त्याच्यापुढं उभ्या राहिल्या.

"ऊठ बाबा. जागा हाय ती."

"तिकीट सगळ्यांनी काढलंय, खाला. जागा काय कुणाच्या नावावर आहे?"

"न्हाई नावावर. म्हनून तर इनंती करून राहिले."

तो माझ्याकडे, मग कॅलिपरकडे बघून उठला. नांदेडपर्यंत उभाच राहिला. खूप दिवसांनी माझ्या ध्यानात आलं, की त्यालाही आठ तास कुठल्याशा कामावर उभंच राहायचं असेल. जागा धरली म्हणजे ती कुणाची तरी कमी झालेली असते. त्या सहा वर्षांत माझ्यासाठी किती जण उभे राहिले, त्यांतल्या एकाचंही तोंड मला आठवत नाही. खालांच्या आधी मी त्यांचे आभार मानायला हवेत.

डबे वाढवा असा अर्ज आम्ही केला होता. मजकूर मी लिहिला, नर्सिंगच्या मुलींनी डब्याडब्यात फिरून सह्या घेतल्या. खालांनी उर्दूत सही केली, एकेक अक्षर लावत, गाडी थांबेपर्यंत. आम्ही पाचसहा जण अर्ज घेऊन रेल्वेच्या एका साहेबांना भेटलो. साहेबांनी चहा पाजला आणि सरळ सांगितलं, "गर्दी मला दिसते हो. मी काय आंधळा आहे? पण डबा जोडायचा तर डबा हवा ना. जे आहेत ते सगळे पळतायत."

"लातूरला डब्यांचा कारखाना झाला म्हनं," खाला म्हणाल्या. "माझी लेक हाय तिथं. सांगू का एक डबा पाठवून दे म्हनून?"

साहेब मोठ्यानं हसले. अर्ज पुढं पाठवतो म्हणाले, आणि पाठवला असावा, कारण त्या दिवाळीला खरोखरच आमच्या गाडीला एक डबा वाढवून मिळाला. पंधरा-वीस दिवस तो होता. जुनाच डबा, एका बाजूचे पंखे बंद, पण आमच्या गाडीत चक्क मोकळी बाकडी दिसू लागली. खाला एका बाकावर मांडी घालून बसल्या, मी समोर. त्यांनी जेवणाच्या डब्यातून ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी काढली, मी सासूबाईंचे अनारसे काढले. पहिल्यांदाच आम्ही एकमेकींचं तोंड समोरून बघत बोललो. एरवी त्या पेटीवर, मी खिडकीत, दोघींची तोंडं एकाच दिशेला. तेव्हा कळलं की त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलाय, आणि बांगडीचं माप त्या डोळ्यांनी घेतच नाहीत, बोटांनी चाचपून घेतात.

दिवाळी संपली, डबा गेला.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी गाडी आली आणि खिडकीत हात नव्हता. नवऱ्यानं कसंबसं चढवलं. आत पाहते तर दाराजवळच्या खिडकीत नर्सिंगची एक मुलगी बसलेली. मला बघून ती उठली.

"बसा मॅडम."

"अगं, खाला कुठंयत?"

"खाला लातूरला गेल्या, लेकीकडं. डोळ्याचं ऑपरेशन हाय म्हने. आता तिकडंच राहणार." मग ती जरा ओशाळून म्हणाली, "महिनाभर आधीच आम्हाला सांगून ठेवलंय त्यांनी. जी धर्माबादला चढंल तिनं ही जागा धरायची. आम्ही पाळ्या लावल्यात."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही गाडीत रडाल म्हनल्या."

मी रडलेच. नांदेडपर्यंत खिडकीबाहेर तोंड करून रडले. सहा वर्षांत मी त्यांना एकदाही धड "तुमचे उपकार झाले" म्हटलं नव्हतं. पेटी अडवण्याचा खोटा व्यवहार आम्ही दोघींनी इतका मनापासून सांभाळला, की त्यात आभाराला जागाच उरली नव्हती. माझ्याकडे त्यांचा फोन नंबरसुद्धा नव्हता.

चौकशी केली. धर्माबादच्या एका मुलीनं त्यांच्या शेजाऱ्यांकडून पत्ता आणला: लातूरला गंजगोलाईजवळ जावयाचं बांगड्यांचं दुकान. नवऱ्याला म्हटलं, मला जायचंय. तो म्हणाला, "लोह्यावरून बस हाय की सरळ." पण पाच तास बसमध्ये पाय आखडून बसणं मला जमणार नव्हतं. रेल्वेनं परभणी, परळी असा मोठा वळसा पडतो, तरी आम्ही रेल्वेनंच निघालो. आरक्षणाला तीन आठवडे आधी गेलो, तरी वेटिंग. शेवटी जनरलच्या डब्यात चढलो.

आमच्या पॅसेंजरची गर्दी मला मोठी वाटायची. ही गर्दी वेगळी होती. लातूरला शिकवणीसाठी पोरांना सोडायला निघालेले आईबाप, त्यांच्या गाद्यांच्या वळकट्या, पत्र्याच्या ट्रंका, तुपाचे डबे. परळीला दर्शनाला निघालेल्या बायका. संडासाच्या दारापर्यंत माणसं. नवरा माझ्याभोवती दोन्ही हात लावून उभा राहिला. अर्ध्या तासानं एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं माझ्या काठीला हात लावला. "बाई, इथं बस. मी गंगाखेडला उतरनारच हाय." गंगाखेड यायला बराच वेळ होता. मी या खेपेला दया, उपकार काही मनात आणलं नाही. "बरं झालं बाबा, पाय लई दुखत होता," म्हणाले आणि बसले. एवढं म्हणायला मी शिकले होते.

लातूर रोडला उतरून पुढची बस धरली आणि दुपारी गंजगोलाईत पोचलो. दुकान लहानसं, दारापर्यंत बांगड्यांच्या माळा लटकलेल्या. खाला आत गादीवर बसल्या होत्या, काळा चष्मा लावून. एका नव्या नवरीच्या हातात चुडा भरत होत्या. माझ्या कॅलिपरचा आवाज फरशीवर झाला आणि त्यांनी मान वर न करताच लेकीला हाक मारली, "शरबत कर गं. माझी नांदेडवाली आली."

नवरीचे हात झाल्यावर त्यांनी माझा हात ओढून घेतला. "हातात दोनच बांगड्या? तुझ्या सासूनं काही सांगितलं न्हाई तुला?" आणि हिरव्या रेशमी काचेच्या बांगड्या काढून त्या भरू लागल्या.

मी वाटेत सगळं ठरवून आले होते. कसं बोलायचं, काय बोलायचं. ते काहीच आठवेना. मी एवढंच म्हणाले, "खाला, तुम्ही नसता तर माझी नोकरी सुटली असती. मी कधी बोलले नाही. तुम्ही का केलंत एवढं माझ्यासाठी?"

"का म्हंजी?" त्यांना खरंच प्रश्न कळला नाही. "तू खाली व्हतीस, मी वर व्हते. हात ढिल्ला सोड, बांगडी वाढंल."

मी हात ढिला सोडला. त्यांची बोटं माझ्या हाताची हाडं दाबत, वळवत, एकेक बांगडी चढवत होती. माझ्या डोळ्यांतलं पाणी त्यांच्या मनगटावर पडलं. त्यांनी ते पदरानं पुसलं, आधी स्वतःचं मनगट, मग माझं तोंड.

"लई बरं वाटलं गं तू आलीस," त्या म्हणाल्या. "आता नीट दिसतं मला. तू गोरी हायस की! मला वाटलं व्हतं सावळी असशील."

नवरा दुकानाच्या पायरीवर बसून हसायला लागला, मग खालांची लेक, मग आम्ही दोघी. तेवढ्यात चाकूरकडून आलेल्या पाचसहा बायका लग्नाच्या खरेदीला आत शिरल्या, आणि खाला माझ्या हातात शरबताचा पेला देऊन त्यांच्याकडे वळल्या. मी तासभर तिथं बसून त्यांचं काम बघत राहिले.

परतीची गाडी सोयीची नव्हती, म्हणून बसनंच आलो. कंडक्टरनं दाराजवळची आडवी सीट मला दिली, तिथं पाय लांब करता आला. लोहा मागं गेल्यावर नवऱ्यानं विचारलं, "बोलायचं व्हतं ते बोललीस का सगळं?"

"हाव," मी म्हणाले. "थोडं राहिलं, पण बोलले."