पंधराशे आणि एक

पाणीपुरवठ्याच्या कचेरीतले यंत्रांचे डबे सांभाळणाऱ्या माझ्या वहिनीला तिथे सगळे ‘डबेबाई’ म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. तिला ते ठाऊक होतं. एकदा रजेच्या अर्जाखाली तिने तशीच सही ठोकली आणि साहेब पोट धरून हसले.

ती लागली टायपिस्ट म्हणून. कचेरीच्या कपाटात यंत्रांबरोबर आलेली जाडजूड पुस्तकं कोरीच्या कोरी पडून होती. ती तिने एकेक करून घरी आणली आणि शब्दकोश मांडीवर घेऊन चार वर्षं वाचली. भाजी निवडताना वाचली, आईच्या आजारपणात उशाशी बसून वाचली. आई म्हणायची, “अगं, मला बरं करायचं यात लिहिलंय का?” वहिनी पानावरची नजर न हलवता म्हणायची, “शोधतेय.”

नदीकाठच्या पंपघरात मी पंप चालवतो. तिथे एक राउटर आहे, म्हणजे रस्ते जाणणारा डबा. दुसरा कचेरीत. दोघांच्या मधे जमिनीतून गेलेली एकच फायबर, म्हणजे काचेची तार, तिसरं कुणी नाही. पलीकडच्या टाक्यांची पाणीपातळी पंपघरातून याच वाटेने कचेरीत पोचायची. कोणत्या टाकीकडे कसं जायचं हे त्या डब्यांना कुणी शिकवत नाही. ते एकमेकांना आपणहून सांगतात.

एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. जुनी फायबर तुटली म्हणून माझ्या थोरल्या भावाने, दादाने, नवी टाकून जोडली. आणि कचेरीतला जुना डबा जाऊन नवा आला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. पंपघरापर्यंत येणारे टाक्यांचे आकडे चिठ्ठीवर उतरवून मी दिवसातून तीनदा सायकलने पोचवू लागलो. वहिनी म्हणाली, “भावोजी, तुम्हीच आता आमचे राउटर. फक्त दम जरा जास्त लागतो तुम्हाला.”

नवा डबा बसवणाऱ्या इंजिनियरने निकाल दिला, “डबा कोरा आहे. दोष जमिनीत आहे. जोड कच्चा.”

केसाहून बारीक काचेचा तंतू, त्याची दोन टोकं वितळवून एक करायची. तीस वर्षं दादा श्वास रोखून हेच करत आला. साहेबांनी सोमवारी दुपारी चारची वेळ ठरवली. चारपर्यंत उलगडा झाला नाही तर चर पुन्हा खणायचा आणि जोडाऱ्यांच्या यादीतून दादाचं नाव काढायचं. वहिनीने चाराआधीचे दोन तास मागून घेतले.

“मॅडम,” इंजिनियर म्हणाला, “नवऱ्याचा जोड बायको तपासणार?”

“का? घरी त्यांच्या चुका रोज मीच काढते. सराव आहे मला.”

पण व्हरांड्यात ती मला म्हणाली, “भावोजी, जोड कच्चा निघाला तर मी तसंच लिहीन. सकाळीच सांगितलंय त्यांना.”

“मग दादा काय म्हणाला?”

“म्हणाले, लिही. आणि ताटावरून उठले.”

खोली लहान, पंख्याचा घरघराट मोठा. साहेब खुर्चीत, दादा दाराशी हात मागे बांधून उभा. वहिनीने पडद्यावर बोट ठेवलं.

“हे दोघे शेजारी. दर दहा सेकंदांनी एकमेकांना हाक मारतात. हाक दोन्हीकडे पोचतेय. मग आपापल्या वह्या उघडून रस्ते दाखवायची वेळ येते. आधी कोण बोलणार हे ठरवायला बसतात आणि तिथेच अडतात. पुन्हा पहिल्यापासून.”

“आपल्या भावकीसारखं,” मी म्हणालो. दादा हसला नाही.

मग तिने पलीकडे हजार लहान पाकिटं, म्हणजे माहितीचे तुकडे, सोडली. पोचलं की पडद्यावर उद्गारचिन्ह, हरवलं की ठिपका. एकेक चिन्ह उमटत चाललं, ओळीमागून ओळ. मला वाटलं, या यंत्रालाही आपलं बोलणं नदीपर्यंत पोचल्याचं दर वेळी नवल वाटत असावं. हजारच्या हजार! ठिपका एकही नाही.

“लहान जाणारच,” इंजिनियर म्हणाला. “मोठी पाठवा. कच्च्या जोडात मोठी फुटतात.”

तिने आकार वाढवला. एका पाकिटात हजार अक्षरं, मग बाराशे, मग पंधराशे. सगळी पोचली. मग पंधराशे एक केला.

ठिपका. ठिपका. ठिपका. ओळभर नुसते ठिपके.

“बघा!” इंजिनियर उठलाच. साहेबांनी दादाकडे पाहिलं. दादाने मान खाली घातली.

वहिनी मात्र पडद्याकडेच पाहत होती. तिने पुन्हा पंधराशेची हजार सोडली, सगळी पोचली. पंधराशे एकची सोडली, एकही नाही. मग ती शांतपणे वळली.

“साहेब, कच्चा जोड चुकारपणा करतो. कधी जाऊ देतो, कधी नाही. इथे पंधराशेला एक अडत नाही आणि पंधराशे एकला एक सुटत नाही. जमिनीत पुरलेल्या काचेला इतकं नेमकं मोजता येतं? हे मोजणारं कुणीतरी वर आहे.”

तिने पडद्यावर पुन्हा बोट ठेवलं.

“प्रत्येक डबा वहीच्या पहिल्या पानावर आपलं माप लिहितो, एवढं मोठं पाकीट मी घेतो म्हणून. पंपघराच्या डब्याचं माप पंधराशे. कचेरीतल्या नव्या डब्याने काय लिहिलंय?”

इंजिनियर पडद्यावर वाकला. त्याचे कान लाल झाले. “सोळाशे. मीच ठेवलं. जास्त असलेलं बरं, म्हणून.”

“पंपघराचा जुना डबा ते वाचतो आणि एवढं झेपायचं नाही म्हणून पान बाजूला ठेवतो. भांडण नाही की उत्तर नाही.”

तिने एक आकडा बदलला. सोळाशेचे पंधराशे. मी मनात दहा मोजायला लागलो, आणि माझं मोजणं पुरं व्हायच्या आत पडद्यावर रस्ते उतरू लागले. पंपघराचा, डोंगराखालच्या टाकीचा, त्या टाकीपलीकडच्या विहिरीचा, जिथे मी जन्मात गेलो नाही अशा जागांचे रस्ते. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी टंकलं नव्हतं. इतके दिवस मुके बसलेले दोन डबे एका दमात सगळं एकमेकांना सांगून मोकळे झाले होते. मी पडद्याकडे बघतच राहिलो.

साहेबांनी खणण्याचा हुकूम मधोमध फाडला. इंजिनियर दादापाशी गेला. “काका, चुकलो.” दादाने नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

घरी परतताना आम्ही तिघं चालत होतो. दादाने चाल मंद केली. मग म्हणाला, “समजा, पहिल्याच हजारात ठिपके निघाले असते?”

“तर लिहिलं असतं.”

“माझं नाव घालून?”

“तुमचंच ना. दुसऱ्या कुणाचं घालू?”

दादा रस्त्यातच थांबला आणि तिच्याकडे बघत राहिला, जसा मी त्या पडद्याकडे बघत होतो. मग म्हणाला, “चल लवकर. भूक लागलीय.”