झाकण काही बसेना

तीस वर्षं लोकांचे सोफे शिवून दिलेल्या बाईला लाकडावर कार्पेट चढवणं म्हणजे हातचा मळ वाटावा, यात नवल नव्हतं. गल्लीत तिला सगळे सोफावाली ताईच म्हणत. तिचे वडील मासेमार, वय एक्याऐंशी. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ओल्या फळीवर त्यांचा पाय ठरेना, म्हणून त्यांची छोटी होडी तीन वर्षं शेडमध्ये पालथी पडून होती. शेवटी ताईनंच मनावर घेतलं. सडलेल्या फळ्या काढायच्या, नवा प्लाय टाकायचा आणि वर कार्पेट. पाय घसरायची भानगडच नको.

सुताराने तळाच्या फळ्या आणि सामानाच्या तीन कप्प्यांची झाकणं कापून दिली. ताईने प्रत्येक तुकड्याला वॉर्निशचे तीन हात दिले, कडांनाही. पाणी शिरतं ते तिथूनच. मग गोंद. तो लाकडाला आणि कार्पेटला, दोन्हीकडे लावायचा आणि बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं. हवा दमट, गोंद वाळता वाळेना. बाबा समोर खुर्ची टाकून बसलेले.

"झालं का गं?"

"बाबा, आत्ताच तर विचारलंत."

"विचारलं, पण झालं कुठे?"

तिने घाई केली आणि तिथेच फसली. दुसऱ्या दिवशी कार्पेटला तळहाताएवढे फुगे! सगळं उचकटलं, गोंद खरवडला, नखांची वाट लावून घेतली आणि नवं कार्पेट चिकटवलं. कोपरे कापून कडा मागे दुमडल्या, न गंजणाऱ्या पिना ठोकल्या. एवढं करून झाकणं ठेवायला गेली, तर एकही कप्प्यात बसेना. सुताराने ती अगदी मापात कापली होती. कार्पेटच्या जाडीची जागा सोडायला त्याला सांगायचं, हे तीच विसरली होती. चूक आपलीच म्हटल्यावर चिडणार कुणावर?

"थांब, मी बसतो त्याच्यावर," म्हणत बाबा काठी टेकत आले आणि खरंच त्यातल्या एका झाकणावर बसले. झाकण करकरत आत गेलं. मग मात्र ते वर येईना. आत ताईचा कटर, टेप आणि चष्मा.

"कुणी सांगितलं होतं बसायला?" ती ओरडली. "लोकांचे शेकडो सोफे केले, एकानं नावं ठेवली नाहीत. आणि ही मेली होडी! मला नाही जमत हे!"

बाबा खाली बघत म्हणाले, "मग राहू दे. मी नाही जात."

हे ऐकून तर तिच्या डोक्यात तिडीकच गेली. स्क्रूड्रायव्हर खुपसून तिने झाकण उचकटलं, कार्पेट फाटलं तर फाटू दिलं, आणि तिन्ही झाकणं काखोटीला मारून तशीच सुताराकडे गेली. त्याने कार्पेट सोलून काढलं, चारी बाजूंनी रंधा मारला. उघड्या पडलेल्या कडांना पुन्हा वॉर्निश, पुन्हा गोंद, पुन्हा वाट बघणं. या वेळी तिने बाबांची खुर्चीच घरात नेऊन ठेवली.

पुढच्या रविवारी होडी पाण्यात गेली. तिच्या खांद्यावर भार देत बाबांनी एक पाय आत टाकला, मग दुसरा. पाय ठरला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, तळव्याने कार्पेट दाबून बघितलं आणि म्हणाले, "रंग जरा काळपटच आणलास."

ताईने त्यांच्या हातात वल्हं कोंबलं. "वल्हवा आता. एक शब्द बोलू नका."