तिकीट काढून सांत्वनाला

आक्का गेली तेव्हा ती माझ्यावर रुसलेली होती की मी तिच्यावर, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. सकाळी साडेसहाला भाच्याचा, सतीशचा, फोन आला. "मामा, आईला पहाटे त्रास झाला... दवाखान्यात नेईपर्यंत..." मी चहा ठेवला होता, तो उतू गेला, गॅस विझला, तरी मी फोन कानाला लावून तसाच उभा. त्या क्षणी मनात पहिलं काय आलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मनात आलं, आता हिच्याशी बोलायचं राहिलं. माझी बहीण गेली हे नंतर कळलं, बोलायचं राहिलं हे आधी. तीन आठवडे आम्ही एकमेकांना फोन केला नव्हता आणि त्याला निमित्त झालं होतं एका टीव्हीवरच्या नटाच्या विनोदी कार्यक्रमाचं. महिना उलटून गेला. कुणी विचारलं की मी सांगायला लागतो, आणि मध्येच माझा गोंधळ उडतो. त्या दिवशी कोण कशाला हसलं, कुणाचं चुकलं, याचा मेळ मला काही केल्या लागत नाही.

आक्का, म्हणजे सुमन, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आमचं गाव करकंब. आई रानात, त्यामुळे मी वाढलो तो आक्काच्या कडेवर. शाळेचं पहिलं दप्तर तिनं जुन्या पायजम्याचं शिवून दिलं होतं आणि त्याला नाडी तशीच ठेवली होती, त्यावरून वर्गात माझी जी काही शोभा झाली ती मी तिला मरेपर्यंत ऐकवत असे. लग्न होऊन ती सोलापुरात शुक्रवार पेठेत आली. दाजी गिरणीत होते. गिरणी बंद पडली तसं आक्कानं शिलाई मशीन घेतलं, आणि साड्यांना फॉल-पिको करता करता घर वर काढलं. संध्याकाळी सात ते आठ तिची मालिका. त्या तासात मशीन चालायचं ते फक्त जाहिरातींच्या वेळी. गल्लीतल्या बायकांना हे पाठ होतं. साडी न्यायला आल्या तर दारात उभ्या राहायच्या आणि जाहिरात लागली की आत शिरायच्या.

तिचं दुसरं काम बिनपगारी. कुणाच्याही घरी मयत झालं की भेटायला जाणं. आमच्याकडे याचा एक नेम आहे. जाणं जमलं नाही, किंवा कळलंच नाही, तर त्या घरच्या माणसाची पहिली गाठ जिथं पडेल तिथं, मग तो बाजार असो की लग्नाचा मांडव, आधी गेलेल्याचं बोलायचं. कधी गेले, काय झालं होतं, फार हाल नाही ना झाले... एवढं विचारल्यावाचून दुसरा विषय काढायचा नाही. आता हा नेम कोण पाळतं? आक्का पाळायची. एकदा तर तिनं वरातीत घोड्यावर बसलेल्या नवरदेवाला थांबवून त्याच्या चुलत्याचं विचारलं होतं. बँडवाले वाजवायचे थांबले. नवरदेवानं मुंडावळ्या बाजूला करून सगळं सांगितलं, आक्कानं डोळे पुसले, आणि मग "वाजवा की आता" म्हणून बँडवाल्यांना परवानगी दिली.

चार वर्षांपूर्वी माझी पत्नी शैला गेली. आक्का आली, तेरा दिवस माझ्या घरी राहिली. त्यानंतर मी माणसांत जाणं जवळजवळ सोडलं. पाटबंधारे खात्यात नोकरीला असल्यापासून मी पक्का नाटकवेडा. सोलापुरात प्रयोग लागला आणि आम्ही नवराबायको तिसऱ्या-चौथ्या रांगेत नाही, असं कधी झालं नव्हतं. तेही बंद झालं. अशात आक्काचा फोन आला.

"बाळू, विनूदादा येनार हाय रे सोलापुरात! सोता येनार हाय. मला न्हे की."

विनूदादा म्हणजे तिच्या मालिकेतला सोशिक थोरला भाऊ. सगळ्यांचं ऐकून घेणारा, मालमत्ता भावांना देऊन टाकणारा, बायकोची बोलणी खाणारा. ती भूमिका करणारा नट आता एकट्याचा विनोदी कार्यक्रम घेऊन गावोगाव दौरा करत होता. मी म्हटलं, "सतीशला सांग." तर म्हणे त्याला सुट्टी नाही. म्हटलं, सुनेला ने. तर म्हणे तिला हसायची सवय नाही. मी म्हटलं, मालिकेतला नट रंगमंचावर काय दिवे लावणार? त्यावर आक्का म्हणाली, "नसंल लावत तर आपून अंधारात बसू. तू चल." मी पुष्कळ आढेवेढे घेतले. अखेर म्हातारीची हौस म्हणून रविवारी दुपारी चारच्या प्रयोगाला तिला स्कूटरवर घेऊन गेलो.

तो प्रयोग आठवला की वाटतं, नट एका कार्यक्रमाला आला होता आणि प्रेक्षक दुसऱ्याच. तो जीन्स-टीशर्टवर आला तिथंच निम्म्या बायकांची निराशा झाली. विनूदादा कायम पायजमा-सदऱ्यात. आल्या आल्या त्यानं रिवाजाप्रमाणे आमच्या शेंगाचटणीचं कौतुक केलं, टाळ्या घेतल्या. मग ओरडला, "सोलापूर, मजेत ना?" बाहेरगावी यावर लोक नुसते ओरडत असतील. इथं मागून एकजण म्हणाला, "मजेत कुटलं, पाच दिवसांनी पानी येतंय." हशा. हा हशा त्याच्या यादीत नव्हता. पुढं तो फ्लॅटच्या पार्किंगवरून, जिममधल्या आरशांवरून विनोद करू लागला. तरुण पोरं हसली, बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत बसले. आमच्या पुढच्या रांगेत एक तेलुगू बोलणारं कुटुंब होतं. नात आजीला प्रत्येक विनोद तेलुगूत सांगायची, त्यामुळे त्या रांगेत हशा उशिरा पिकायचा, आणि तो ऐकून नट दचकून बघायचा. एक बाई तर मध्येच म्हणाली, "विनूदादा, त्या धाकट्याला घर लिहून दिऊ नगा!" त्यानं हात जोडून सांगितलं की तो विनूदादा नाही, ते फक्त काम आहे. बाई म्हणाली, "ते खरं हो, पर दिऊ नगा."

मध्यंतरानंतर त्यानं आईचा विषय काढला. आई आजारी, दवाखान्यात. नर्सबाई आईला सुई टोचायच्या आधी याच्याबरोबर सेल्फी काढतात. आईची स्मृती गेलेली. ती डॉक्टरांना सांगते, "हा विनूदादा आहे, फार गरीब माणूस. माझा मुलगा मागून येतोय." आई शेवटच्या दिवसापर्यंत त्याला विनूदादाच म्हणत राहिली, आणि जाताना त्याचाच हात धरून विचारत होती की माझा मुलगा आला का. हे सगळं तो असं काही तोंड करून सांगत होता की लोक खो खो हसत होते. मी हसत नव्हतो. मला कळतच नव्हतं, की हा माणूस आपल्याला हसवतोय की आणखी काही करतोय... एवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची वाजली. आक्का उठून उभी राहिली होती. पदर डोक्यावरून घेतलेला.

"लेकरा," ती चांगली मोठ्यानं म्हणाली, "आमाला कळलंच न्हाय रे. कवा गेली आई?"

सगळं नाट्यगृह हसलं. नट थांबला. त्याचा माईक खाली आला, परत वर गेला. "दोन वर्षं झाली, मावशी." परत हशा. "लई दिस हातरुनात हुती का?" "चार महिने." पुन्हा हशा. लोकांना वाटत होतं हे कार्यक्रमातलंच आहे. "तुला वळखलं न्हाय म्हनून वाईट वाटून घिऊ नगं," आक्का म्हणाली. "हात तर तुझाच धरला हुता की." यावर कुणीच हसलं नाही. मला वाटतं, ती शांतता त्या नटाला सोसवली नसावी. तो एकदम म्हणाला, "मावशी, आजवर पुष्कळ लोक भेटायला आले. पण तिकीट काढून सांत्वनाला आलेल्या तुम्ही पहिल्याच!"

लोकांनी नाट्यगृह डोक्यावर घेतलं. आणि मीही हसलो. नुसता हसलो नाही, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. कसं झालं मला माहीत नाही. मान वर केली तर आक्का अजून उभीच, आणि ती नटाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. माझं हसू जिथल्या तिथं गोठलं. मी तिच्या पदराला धरून खाली ओढलं. "बस खाली. लाज आणलीस." तिकडे नट आमच्याकडे पाठ करून पाणी पीत होता. फार वेळ पीत होता. लोक त्यालाही हसले.

प्रयोग सुटल्यावर मी तिच्यासाठी थांबलो नाही. स्कूटर काढायच्या निमित्तानं तरातरा पुढं गेलो. ती पाच-सात मिनिटांनी आली, तोंडावर कसलंसं हसू घेऊन आली, आणि मी तिच्यावर तोंडसुख घेतलं. "चारचौघांत कसं वागावं कळत नाही का तुला? हजार माणसं हसली तुझ्यावर. यापुढं मी तुझ्याबरोबर कुठंही येणार नाही." तिच्या तोंडावरचं हसू गेलं. ती मागं बसली, नेहमीसारखा माझ्या खांद्यावर हात ठेवून. शुक्रवार पेठेत दारासमोर उतरल्यावर म्हणाली, "चा घिऊन जा." मी स्कूटर बंदसुद्धा केली नाही. चिडलो होतो खरा, पण कुणावर? ती उभी राहिली म्हणून, की मी हसलो आणि तिनं बघितलं म्हणून? मी माझ्या बहिणीवर परक्या माणसांबरोबर हसलो होतो, आणि त्याची शिक्षा तिलाच देऊन मोकळा झालो होतो. हे आज कळतंय. त्या वेळी मी आपला तिच्या फोनची वाट बघत बसलो. मनात म्हणालो, रुसली असेल, येईल वळणावर. तीन आठवडे गेले.

ती गेल्यावर भेटायला रीघ लागली. जिनं अख्ख्या पेठेची दुःखं विचारली तिच्या दारात माणसं येणारच. त्यातले कितीतरी त्या प्रयोगाला होते! एकजण रडत रडत आला, टेकला, डोळे पुसले, आणि म्हणाला, "पर काय हशा काढला हो त्या दिवशी आक्कांनी." लगेच दुसऱ्यानं पुढचं सांगितलं. एका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ते आधी ठरवून केलं हुतं का वो?" मी नाही म्हटलं तर त्यांना ते पटेना. समोर आक्काचा फोटो, त्याला हार, आणि भोवती बसलेली माणसं तोंडाला पदर लावून हसतायत. मध्येच कुणाला तरी हुंदका येतो. मी हसावं की रडावं हे मला समजेना, म्हणून मी सतरंजीच्या दशा मोजत बसलो. सतीशच्या बायकोनं, अश्विनीनं, चहा देता देता हळूच सांगितलं, "मामा, आत्याबाई रोज फोन हातात घ्यायच्या. मग म्हणायच्या, बाळूचा राग उतरू दे, मग करते." म्हणजे ती माझा राग उतरायची वाट बघत होती आणि मी तिचा.

चौदाव्या दिवशी अश्विनीनंच मला मोबाईलवर काहीतरी दाखवायला आणलं. त्या कार्यक्रमाच्या लोकांनी प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांचा एक व्हिडिओ टाकला होता, सोलापूरच्या प्रयोगाचा. प्रयोग सुटल्यावर दारात एक मुलगी माईक घेऊन उभी होती म्हणे. मला काय माहीत, मी तर निघून गेलो होतो. एक कॉलेजची पोरगी बोलली, एक जोडपं बोललं, आणि मग एकदम आक्का. पदर सारखा करत, उजेडात डोळे बारीक करून.

"काकू, कसा वाटला शो?"

"चांगला हाय की. पर त्याची आई गेलीय, ते ध्यानातनं जात न्हाय बग."

माईकवाली हसली. "सगळ्यात जास्त कधी हसलात?"

"मी कुटं हसले? माझा भाऊ हसला. त्याची बायकू गेली तवापासनं चार वर्सं त्यो हसला नव्हता. आज हसला. माझ्यावर हसला, पर पोट धरून हसला." हे सांगताना आक्काचा चेहरा असा काही फुललेला, की सतीशच्या लग्नातही मी तो तसा पाहिला नव्हता.

"अरे वा! कुठे आहेत तुमचे भाऊ? बोलवा ना त्यांना."

आक्का वळली. आधी उजवीकडे बघितलं, मग डावीकडे, मग टाचा उंचावून गर्दीच्या पलीकडे. "हितंच हुता की..." ती म्हणाली, आणि तिथं तिचा तुकडा संपला. पुढं एक टोपीवाले गृहस्थ दोन्ही अंगठे दाखवून म्हणतात, "एक नंबर!"

अश्विनीनं तो व्हिडिओ मला पाठवून दिला. सकाळी चहा घेताना मी तो लावतो, टोपीवाले यायच्या आत थांबवतो, परत मागं नेतो. आक्का उजवीकडे बघते, डावीकडे बघते, टाचा उंचावते. त्या वेळी मी पार्किंगमध्ये स्कूटरला टेकून उभा होतो आणि ती आली की तिला काय काय बोलायचं, ते मनातल्या मनात जुळवत होतो.