शनिवारची गाडी, मंगळवारची बस

लग्नानंतर सहा महिन्यांनी मी अमेरिकेत, ॲन आर्बरला आले आणि पहिल्याच नोव्हेंबरात नवऱ्याला बजावून टाकलं, "मार्चपर्यंत बघते. नाही जमलं तर पुण्याला परत जाऊन नोकरी धरणार." भांडण कशावरून झालं होतं ते आता आठवत नाही. बहुतेक काही विशेष नसावंच. पुण्यात मी दुचाकीवरून सगळं शहर पालथं घालणारी बाई. इथं व्हिसामुळे नोकरी नाही, गाडी चालवायचं लायसन्स नाही आणि पाच वाजले की खिडकीबाहेर मिट्ट काळोख. बोलले, मोकळी झाले आणि विसरूनही गेले. माझा राग कुकरच्या शिट्टीसारखा आहे. एकदा वाजला की संपला.

हा मात्र विसरला नव्हता. ते मला कळायला फेब्रुवारी संपत यावा लागला.

नवरा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत संशोधन करतो. आठवडाभर सकाळी जायचा तो रात्री जेवायलाच घरी. पण त्या नोव्हेंबरापासून दर शनिवारी सकाळी नऊला बूट घालून दारात उभा. "चल, नऊ चाळीसला निघायचंय." त्यासाठी त्यानं लॅपटॉपवर चक्क एक तक्ता केला होता. कुठं जायचं, किती लांब, पार्किंग कुठं, बाथरूम कुठं, बर्फ पडला तर दुसरं कुठं. एवढी तयारी त्यानं आमच्या लग्नाचीसुद्धा केली नव्हती. त्या तक्त्याबरहुकूम आम्ही गोठलेलं तळं पाहिलं, जुन्या पाणचक्कीचं गाव पाहिलं आणि एकदा तर तासभर गाडी हाकून एक हरणांचं रान पाहिलं, ज्यात हरणं सोडून सगळं होतं.

गाडी आमची सेकंडहँड. देशात परत निघालेल्या एका विद्यार्थ्याकडून घेतलेली. तिचा हीटर फक्त माझ्या बाजूनं चालायचा. मी कोट काढून ऐसपैस बसायचे आणि हा कानटोपी, हातमोजे घालून चालवायचा. मी सकाळी तिखटमिठाच्या पुऱ्या केलेल्या असायच्या, त्या वाटेत त्याच्या तोंडात घालायचे. "अरे, ते लाल कोठार बघ!" मी ओरडायचे. "बघितलं," तो समोरच्या रस्त्यावरून नजर न हलवता म्हणायचा.

मला वाटायचं, याला फिरायची फार हौस आहे.

पुढची गोष्ट जानेवारीतल्या एका मंगळवारची. आमच्या इमारतीत कपडे धुवायची मशिनं तळघरात आहेत. मी कोट अडकवला, खिशात मशीनसाठी मूठभर नाणी टाकली, बादली उचलली आणि दार ओढलं. किल्ली आत, फोन आत. इथली दारं आपोआप लॉक होतात, हे मला रोज सांगितलं जायचं आणि मी रोज "हो रे" म्हणायचे. बादली दाराशी ठेवून अंगणापलीकडच्या बिल्डिंगच्या ऑफिसात गेले, तर ते जेवणासाठी बंद. बाहेर अंगणात उभी राहिले तर नाक आहे की गळून पडलं, ते चाचपून बघायची वेळ. तेवढ्यात समोरच्या थांब्यावर बस आली. कुठं जाते मला माहीत नव्हतं. पण तिच्या काचांवर वाफ धरलेली होती, म्हणजे आत ऊब होती. खिशातली नाणी तिकिटाच्या डब्यात टाकून मी चढले.

शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरबाईंनी मागं वळून पाहिलं. "इथंच उतरायचंय ना?" मी म्हटलं, "मला कुठंच जायचं नाहीये. मी तुमच्याबरोबर परत येते." त्या हसल्या आणि मला पुढच्या सीटवर बोलावून घेतलं. येताना त्यांनी मला ग्रंथालय कुठलं, स्वस्त भाजी कुठं, सगळं दाखवलं. मला काय वाटलं म्हणून सांगू! कितीतरी महिन्यांनी मी एकटी, कुणी न नेता, कुठंतरी गेले होते. परत आले तेव्हा ऑफिस उघडलं होतं. हा घरी आला तेव्हा कपड्यांच्या घड्यासुद्धा घालून झाल्या होत्या.

त्याला सांगितलं नाही. आधी लाज वाटली म्हणून. दार लॉक झाल्याचं ऐकल्यावर त्यानं किल्लीसाठीही एक तक्ता केला असता. मग सांगितलं नाही कारण पुढच्या मंगळवारी मी पुन्हा गेले. आणि मग खरं सांगायचं तर, एक गोष्ट फक्त माझी आहे याची मजाच वाटायला लागली.

असंच एका मंगळवारी मला काचघर सापडलं. गावाबाहेर विद्यापीठाची बाग आहे, तिथं काचेच्या मोठ्या घरात उष्ण देशांतली झाडं वाढवतात. बाहेर गुडघाभर बर्फ आणि दार ढकलल्याबरोबर चष्म्यावर वाफ. ओल्या मातीचा वास आला, केळीची पानं दिसली आणि मी तिथंच बाकावर बसून रडले. रडून झाल्यावर कोपऱ्यात अळू दिसला. असा टवटवीत अळू मी मंडईतही पाहिला नव्हता. झाडांना पाणी घालायला तिथं एक आजी यायच्या. त्यांना मी उत्साहानं सांगितलं की या पानांना बेसन लावून, गुंडाळी करून, उकडून आम्ही तळतो. तेव्हापासून मी अळूजवळ गेले की त्या हातातली नळी बंद करून माझ्यावर लक्ष ठेवायच्या. दर मंगळवारी आमच्या गप्पा व्हायच्या. चार मंगळवारांत मला त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन तोंडपाठ झालं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी नवरा सकाळपासूनच खुशीत होता. "आज सरप्राइज आहे. विचारू नकोस." गाडी गावाबाहेर वळली तशी मी सावरून बसले. वळण ओळखीचं, थांबा ओळखीचा. त्यानं काचघराचं दार उघडून मला पुढं केलं आणि हात पसरले. "बघ! केळी! इथं, एवढ्या बर्फात! महिनाभर शोधाशोध करून हुडकून काढलंय."

मी "अय्या" म्हणण्यासाठी तोंड उघडलं, तेवढ्यात नळी घेतलेल्या आजी केळीमागून बाहेर आल्या. "अगं, तू तर मंगळवारची! आज शनिवारी कशी? तुझ्या अळूला नवीन पान आलंय. पण तळायचं नाही हं!"

त्याचे पसरलेले हात हळूच खाली आले. आजींना काहीतरी चुकल्याचं कळलं असावं, त्या पाणी घालत लांब गेल्या. आम्ही बाकावर बसलो. माझ्याच बाकावर. मी सगळं सांगून टाकलं, किल्लीपासून अळूपर्यंत.

तो म्हणाला, "मार्चला चार दिवस राहिलेत."

"मग?"

"तू म्हणाली होतीस मार्चपर्यंत बघते. मी एकेक शनिवार मोजतोय यार. मला वाटायचं, आठवडाभर ही घरात कोंडून रडतेय, निदान शनिवारी तरी... हे शेवटचं ठेवलं होतं. म्हटलं, हे बघून तरी राहील."

मला अक्षरशः मेल्याहून मेल्यासारखं झालं. जे मी रागाच्या भरात बोलून विसरले, ते हा माणूस चार महिने उराशी धरून थंडगार गाडी हाकत होता. आणि मी मंगळवारी मजेत हिंडून शनिवारी त्याच्यासमोर नव्यानं डोळे मोठे करत होते.

"मी कुठंही जात नाहीये," मी म्हटलं. "नोव्हेंबरात मला तोंड होतं, डोकं नव्हतं."

तो हसला नाही. "मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगून नाही कळायचं, पुढच्या शनिवारी दाखवते," मी म्हटलं. "गाडी घरी ठेवायची. तक्ता बंद. मी नेईन तिकडं यायचं."

पुढच्या शनिवारी आम्ही थांब्यावर उभे राहिलो. "किती वाजता येते? उतरायचं कुठं? परतीची कधी?" त्याचं सुरू झालं. "येते," मी म्हटलं, "गप उभा राहा." बस आली. त्याच ड्रायव्हरबाई. मी ओळख करून दिली, तशी त्यांनी याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. माझी निवड पास झाली असावी.

खिडकीजवळची जागा मी त्याला दिली. नदीवरचा पूल आला, तिथला बर्फ वितळायला लागला होता. "ते बघ," म्हणायला मी वळले तर याचं डोकं माझ्या खांद्यावर. झोपला होता, तोंड जरासं उघडं, हातमोजे मांडीवर काढून ठेवलेले. इतकी गाढ झोप मी त्याला घरीही लागलेली पाहिली नव्हती. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. याला फिरायची हौस कधीच नव्हती. आठवडाभर राबून दमलेला हा माणूस शनिवारीही झोपला नव्हता, इतकंच. आणि इतक्या शनिवारांत त्याला रस्त्याशिवाय काही दिसलंही नव्हतं.

उतरायचा थांबा आला. ड्रायव्हरबाईंनी आरशातून माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, आम्हाला कुठंच जायचं नाही म्हणून. त्यांनी दार बंद केलं आणि बस पुढं घेतली. अगदी हळू, वळणावरसुद्धा धक्का बसू न देता.