हारुनभाईंच्या रेकॉर्डची मागची बाजू

“आधी मागची बाजू वाच.”

भद्रकालीतल्या आपल्या चिंचोळ्या दुकानात बसून हारुनभाई हे वाक्य आयुष्यभर म्हणत आले. गिऱ्हाईक रेकॉर्डचं कव्हर हातात घेई, वरचं चित्र बघून हरखून जाई, आणि तोंड उघडणार तोच काउंटरमागून आवाज येई. भारदस्त आणि कायम जरासा चिडलेला. “चित्र कुठं पळून चाललं नाय. आधी मागची बाजू वाच.”

मागच्या बाजूला बारीक इंग्रजी अक्षरं असत. गायलं कोणी, गिटार कोणाची, ढोल कोणी बडवले. आणि सगळ्यांत खाली, मुंगीच्या पावलांसारख्या अक्षरांत, तो अल्बम घडवणाऱ्याचं नाव. जग त्याला प्रोड्युसर म्हणतं. हारुनभाई त्याला उस्ताद म्हणत, आणि म्हणताना उजवा हात कानाच्या पाळीकडे जाई.

या माणसाला विलायती रॉकचं वेड कुठून लागलं, असं लोक विचारत. ते भंगाराच्या गाडीवरून आलं होतं. हारुनभाईंचे वडील देवळाली कॅम्पातल्या बंगल्यांमधून हातगाडी फिरवत. साहेब लोकांची बदली झाली की सामानातलं जड-जड मागे राही. मोडक्या खुर्च्या, पितळी दिवे, आणि रेकॉर्डचे गठ्ठे. वडील ते वजनावर घेत आणि वजनावर विकत. एकदा त्यातली एक रेकॉर्ड हारुनभाईंनी एका मोडक्या प्लेअरवर लावली, आणि त्या दिवसापासून गाडीवरचा एकही गठ्ठा पुढे विकला गेला नाही. वडिलांनी मारलं, समजावलं, शेवटी नाद सोडला.

इंग्रजी त्यांना येत नव्हतं. ते सुरय्याभाभींनी शिकवलं. लग्न होऊन घरात आल्या तेव्हा त्यांना वाटलं, नवरा प्रेमाचं पत्र वाचायला देईल. नवऱ्याने दिली रेकॉर्डची मागची बाजू. भाभी एकेक अक्षर लावून वाचत, हारुनभाई ते पाठ करत. उच्चार चुकत ते चुकतच राहिले. एका उस्तादाचं नाव ते जन्मभर भलतंच म्हणत आले. कॉलेजच्या एका पोराने सुधारायला घेतलं, तर म्हणाले, “नाव त्याचं आहे, तोंड माझं आहे. चल, निघ.”

दुकानाचा धंदा म्हणजे कॅसेट भरून देणं. त्या काळी कोरी कॅसेट घेऊन जायची, हवी ती गाणी सांगायची आणि दोन दिवसांनी भरलेली कॅसेट आणायची. सगळ्या शहरात हीच रीत होती. हारुनभाईंची रीत वेगळी. भरायचा तर अख्खा अल्बम, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, ज्या क्रमाने उस्तादाने लावलाय त्याच क्रमाने. मध्ये एक गाणं गाळणार नाहीत, दुसऱ्या अल्बममधलं एक घुसडणार नाहीत. गिऱ्हाईक गेलं तर गेलं.

बहिरू पहिल्यांदा तिथे गेला तो असाच तोंडावर पडला. लासलगावकडच्या एका खेड्यातला कांदेवाल्याचा पोर, नाशकात कॉलेजला आलेला, वसतिगृहाच्या खिडकीतून ऐकू आलेल्या गिटारीने बावरलेला. कोरी कॅसेट पुढे सरकवून म्हणाला, “ह्यातली दोन टाका, त्यातली तीन टाका, अन् राहिलेल्या जागेत काय लय धडाक्याचं असंल ते टाका.”

हारुनभाईंनी त्याला नखशिखांत पाहिलं. “मिसळ पाहिजे का तुला?”

“अं?”

“मिसळ! समोरच्या गल्लीत मिळते. तर्री पण देतील वरून. इथं मिसळ नाय मिळत.”

दुकानातली पोरं हसली. बहिरूचे कान तापले. पण निघून गेला नाही, आणि हारुनभाईंना तेच आवडलं असावं. त्यांनी एक रेकॉर्ड काढली. कव्हर नुसतं मातकट. त्याच्यावर ना चित्र ना अक्षर. जे काय होतं ते सगळं मागे.

“इकडं ये,” म्हणाले, आणि दाराच्या चौकटीत उभं राहून त्यांनी टाळी वाजवली. मग आत मोरीत जाऊन वाजवली. मग रिकाम्या पत्र्याच्या डब्यात तोंड घालून हाक मारली. “टाळी तीच. हात तेच. मग आवाज वेगळा का आला? ढोलवाला येतो, बडवतो, घरी जातो. तो ढोल मोरीत ठेवायचा का अंगणात, गाणाऱ्याचा आवाज कानाशी आणायचा का डोंगराच्या पल्याडून, कुठलं गाणं आधी अन् कुठलं शेवटी, हे कोण ठरवतं? तो. आणि त्याचं नाव कोण वाचतं? कोणी नाय!” शेवटच्या दोन शब्दांना त्यांनी काउंटरवर मूठ आपटली, जणू त्या न वाचणाऱ्यांत बहिरूही होता.

होताच. पण त्याला ते कळलं, कारण त्याने कांद्याची चाळ भरताना बापाला पाहिलं होतं. कांदा सगळ्यांच्याच शेतात पिकतो. चाळीत तो कसा रचला, खालून वारा कसा खेळवला, ओला कुठला बाजूला काढला, त्यावर तो पोळ्यापर्यंत टिकतो किंवा महिन्यात सडतो. बाजारात कांद्याचं कौतुक होतं. चाळ रचणाऱ्याचं नाव कोणी घेत नाही.

कॉलेज काही बहिरूच्या हाताला लागलं नाही. तो गावी परतला, पण येताना कॅसेटींची पिशवी घेऊन आला. ट्रॅक्टरला टेप बसवला. लासलगावच्या आवारात लिलावासाठी ट्रॅक्टरांची रांग लागे, आणि त्या रांगेत एका ट्रॅक्टरवर विलायती गिटार विव्हळत असे. शेजारचे म्हणत, “बहिरू, तुझे कांदे रडायला लागले बघ. बंद कर ते.” तो बंद करत नसे. अल्बम संपला की कॅसेटची उरलेली फीत कोरीच फिरे, नुसती सरसर. हारुनभाई ती जागा कधी भरत नसत. लोक भांडत, की कोऱ्या जागेचं आम्ही काय करू? ते म्हणत, “जेवण झाल्यावर माणूस जरा गप्प बसतो की नाय? तसं बस.” बहिरू बसे. हातात स्टिअरिंग, पुढे धूळ, कानात ती सरसर.

कॅसेट गेली, सीडी आली, सीडीही गेली. हारुनभाईंचं दुकान उघडंच. कोणी फोन दाखवून म्हणे, “चाचा, ह्यात जगातली सगळी गाणी आहेत,” तर ते विचारत, “मागची बाजू आहे का?” नसे. फोनवर गाणं असे, गाणाऱ्याचा फोटो असे, घडवणारा कुठल्या कुठे पुसून गेलेला असे. त्या एका गोष्टीवर ते तासभर संतापू शकत, आणि संतापत.

मग रस्ता रुंद करायचा ठरला आणि दुकानाचा पुढचा भाग गेला. उरली ती नुसती बोळ. घरात दोन खोल्या, त्यात ओल; रेकॉर्ड ठेवायच्या कुठे? मुंबईचे शौकीन आले, निवडून-निवडून घेतो म्हणाले. हारुनभाईंनी त्यांना जिन्यावरूनच परत पाठवलं. “घ्यायच्या तर सगळ्या. एकत्र. आणि वाजवायच्या. कपाटात पुरायच्या नाय.” अशी अट कोण मानणार?

बहिरूला वाटलं, मार्ग सापडला. त्याच्या भावाचा मुलगा रुद्र गंगापूर रोडला कॅफे काढत होता. जुन्या रॉकचा कॅफे, असंच म्हणाला होता. बहिरूने त्याला स्पष्ट विचारलं, “वाजवशील ना रे? रोज? पूर्ण?” “हो काका, रोज वाजतील. लोक खास त्यासाठी येतील.” त्या शब्दावर बहिरूने हारुनभाईंना शब्द दिला. हारुनभाईंनी एक रुपयाही मागितला नाही. फक्त विचारलं, “पोरगा तुझा आहे ना?” “माझाच समजा.” “मग ने.”

सुरय्याभाभींनी एकेक रेकॉर्ड मलमलने पुसून खोक्यात ठेवली. टेम्पो निघताना म्हणाल्या, “बहिरूभाई, ह्या सगळ्या माझ्या सवती. एवढी वर्षं संभाळल्यात. नीट न्या.” हसल्या, आणि पदराने तोंड झाकून आत गेल्या.

उद्घाटनाला हारुनभाई इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. खिशात काड्यापेटी होती. तीत कापसावर ठेवलेली नवी कोरी सुई होती, कॅफेच्या प्लेअरसाठी. बहिरू दारात वाट बघत होता. खोकी त्याने दारातच उतरवली होती; तोही पहिल्यांदाच आत जात होता. चाळी भरायच्या दिवसांत त्याला गावाबाहेर पडता आलं नव्हतं.

दोघं आत गेले आणि दोघांची पावलं एकाच वेळी थांबली.

समोरची अख्खी भिंत कव्हरांनी मढवलेली होती. वरपासून खालपर्यंत, कडेला कड लावून, चित्रं बाहेर. छताला नायलॉनच्या दोऱ्यांनी रेकॉर्ड टांगलेल्या, गरगर फिरत होत्या. दोरा ओवायला प्रत्येकीच्या कडेला भोक पाडलेलं. आणि स्पीकरमधून गाणं वाजत होतं, ते अर्ध्यावर तुटलं आणि भलत्याच अल्बममधलं दुसरं सुरू झालं.

रुद्र धावत आला. “या चाचा, या! कशी वाटली भिंत? सगळे फोटो काढतायत.”

“प्लेअर कुठंय?”

“प्लेअर कशाला लागतो आता? सगळं मोबाईलवर आहे.”

हारुनभाई भिंतीपाशी गेले. एका कव्हरच्या कडेला नख घातलं आणि हलकेच ओढलं. वरचा कागद निघून आला. मागची बाजू भिंतीवरच राहिली, पांढऱ्या गोंदात रुतून, चिंध्या होऊन.

“अहो, फाटेल ते!” सजावट करणारी हर्षाली पुढे आली. स्वभावाने वाईट नव्हती, घाबरली होती. “सुताराकडून पक्कं चिकटवून घेतलंय मी. निघायचं नाही आता.”

“उलटं चिकटवलंय, बाई.”

“उलटं कसं? चित्र पुढेच आहे की. मागे काय, नुसतं लिहिलेलंच होतं.”

बहिरूने डोळे मिटून घेतले. त्याला वाटलं, आता हारुनभाई टेबलं उलथतील. पण त्यांचा आवाज चढला नाही, आणि ते जास्त वाईट होतं.

“नुसतं लिहिलेलं,” ते म्हणाले. “ज्यांनी हे बनवलं त्यांची नावं होती तिथं. जिवंतपणी त्यांना कोणी बघितलं नाय. खाली कोपऱ्यात एवढीशी जागा दिली होती दुनियेने. ती तुम्ही भिंतीत गाडली. आणि वर दिवे लावले!”

“चाचा, तुम्ही दिल्या होत्या ना?” रुद्र हळू आवाजात म्हणाला. पाहुणे बघत होते. “दिल्यावर आता असं—”

“गप!” हे बहिरू ओरडला. लासलगावच्या आवारात रांगेत घुसणाऱ्याला ओरडावं तसा. “वाजवतो म्हणून घेतल्या तू. माझ्याजवळ शब्द दिला. चोर बरा रे, तो वाजवतो म्हणून सांगत तरी नाय!”

“काका, आजच्या दिवशी तरी...”

“आजच्याच दिवशी.”

हारुनभाई या भांडणात नव्हते. ते खोके शोधत स्वयंपाकघरात शिरले होते. कॉफीच्या पोत्यांमागे एक खोकं उरलं होतं, सजावटीत न बसलेल्यांचं. फाटकी, डागाळलेली कव्हरं. तळाशी, तेलाच्या डब्याखाली दडपलेलं, ते मातकट कव्हर. चित्र नाही म्हणून हर्षालीने बाजूला टाकलेलं. त्यांनी ते ओढून काढलं, शर्टाच्या बाहीने पुसलं, रेकॉर्ड बाहेर काढून उजेडाकडे तिरपी धरली. कडेला भोक नव्हतं.

बहिरू मागे येऊन उभा होता. “हारुनभाई, टेम्पो बाहेरच हाय. हे खोकं मी घालतो त्यात. छताच्या पण काढतो, आत्ता काढतो.”

“सगळ्या एकत्र म्हणालो होतो मी,” हारुनभाई म्हणाले. “आता एकत्र राहिल्या कुठं?”

“मला वाटलं, पोरगा आपला हाय...”

हारुनभाईंनी त्याच्याकडे पाहिलं. पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसंच, नखशिखांत.

“तू तरी आधी मागची बाजू वाचायची होतीस, बहिरूभाई.”

खिशातली काड्यापेटी चाचपून ते बाहेर आले. पाहुण्यांनी वाट करून दिली. स्पीकरवर आणखी एक गाणं मध्येच तुटलं.

काचेच्या दारात ते क्षणभर थांबले. रेकॉर्ड बगलेत धरली होती, ती काढून फिरवली, कोरी बाजू छातीकडे केली आणि अक्षरांची बाजू जगाकडे. मग गंगापूर रोडच्या कडेकडेने, दुकानांच्या पाट्यांखालून, गाड्यांच्या हॉर्नमधून चालू लागले. मान ताठ, पाऊल सावकाश. बसथांब्यावरच्या एका बाईने त्या कव्हराकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

बहिरू दारात उभा होता, हातात उरलेलं खोकं. आतून रुद्र हाका मारत होता, नारळ फोडायचा राहिला होता. बहिरू वळला नाही. पांढरा शर्ट गर्दीत लहान होत गेला. बगलेतली अक्षरं तर कधीच वाचता येईनाशी झाली होती, तरी तो डोळे बारीक करून तिकडेच बघत राहिला.